शंका-समाधान : भिंगाशिवाय उमटणाऱ्या प्रतिमा

वैद्यकीय प्रतिमांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. माध्यमिक शाळेत शिकवले जाणारे भौतिकशास्त्र या चारही उत्तरांना बहुतांशी पुरते. जिथे ते अपुरे पडते, तिथे तसे म्हटले आहे.

प्रश्न : कॅमेऱ्यात भिंग असते, डोळ्यात असते, सूक्ष्मदर्शकात तर दोन असतात. मग क्ष-किरण यंत्रात भिंग कुठे असते? आणि ते नसेल, तर हाडांची इतकी रेखीव प्रतिमा कशी उमटते? (माध्यमिक शाळेतील एक विद्यार्थिनी)

उत्तर : क्ष-किरण यंत्रात भिंग नसते, आणि त्याचे कारण अपवर्तनांकात आहे. काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो, तिचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, आणि म्हणूनच काचेचे भिंग प्रकाशकिरण वळवू शकते. वैद्यकीय तपासणीत वापरतात त्या, म्हणजे साधारण ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या, क्ष-किरणांसाठी मात्र त्याच काचेचा अपवर्तनांक १ पासून एक कोटी भागांत जेमतेम दीड भाग ढळतो, आणि तोही १ च्या खाली. दोन्ही पृष्ठभागांची वक्रतात्रिज्या १० सेंटीमीटर असलेले बहिर्गोल भिंग घेतले, तर दृश्य प्रकाशासाठी त्याचे नाभीय अंतर १० सेंटीमीटर येते. तेच सूत्र क्ष-किरणांना लावले, तर उत्तर साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात जाते. शिवाय अपवर्तनांक १ पेक्षा कमी असल्यामुळे हे भिंग किरण एकत्र आणण्याऐवजी त्यांना किंचित विखुरते. (काही संशोधनशाळांत कमी ऊर्जेचे क्ष-किरण एकत्र आणण्यासाठी अंतर्गोल भिंगांची लांबलचक रांग लावतात. पाठ्यपुस्तकातील आकृत्या घोटून झालेल्याला हे पाहून गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही.)

भिंग नाही म्हटल्यावर उरते ती सावली. विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ च्या डिसेंबरमध्ये आपल्या पत्नीच्या हाताचे जे सुप्रसिद्ध चित्र घेतले, तीही हाडांची आणि बोटातील अंगठीची सावलीच होती. हाडांची सावली दाट पडते, कारण हाडातील कॅल्शियमचा अणुअंक २० आहे, तर मऊ ऊतींमध्ये मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे हलके अणू असतात. प्रकाशविद्युत परिणामाने (म्हणजे किरणाची ऊर्जा घेऊन अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, त्या क्रियेने) होणारे शोषण अणुअंकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून कॅल्शियमचा अणू ऑक्सिजनच्या अणूपेक्षा केवळ अडीचपट नव्हे, तर पंधरापटीहून अधिक प्रभावीपणे हे किरण अडवतो. आतड्याची तपासणी करताना रुग्णाला बेरियम सल्फेटचे मिश्रण पाजतात, त्यामागेही हेच कारण आहे. बेरियमचा अणुअंक ५६ आहे, आणि हा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे तो शरीरात शोषला जात नाही.

आता रेखीवपणाचा प्रश्न. सावलीची कड किती तीक्ष्ण असेल, हे किरणांचा उगम किती लहान आहे आणि वस्तू पडद्याच्या किती जवळ आहे, या दोन गोष्टींवर ठरते. समजा उगम १ मिलिमीटर रुंद आहे आणि पडदा त्याच्यापासून १०० सेंटीमीटरवर आहे. हाड पडद्यापासून ५ सेंटीमीटरवर असेल, तर समरूप त्रिकोणांवरून कडेची पुसटता १ × ५ ÷ ९५, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटर येते. तेच हाड २० सेंटीमीटरवर असेल, तर पुसटता ०.२५ मिलिमीटर होते आणि प्रतिमाही सव्वापट मोठी दिसते. छातीचे चित्र घेताना रुग्णाला यंत्राकडे पाठ करून छाती प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीला (वरच्या उदाहरणातील पडद्याला) टेकवायला सांगतात आणि किरणांची नळी शक्यतो १८० सेंटीमीटर दूर ठेवतात, ते यासाठीच. हृदय छातीत पुढच्या बाजूला असते; ते पट्टीजवळ आले की त्याचा आकार फारसा फुगत नाही आणि हृदय खरोखरच मोठे झाले आहे की काय, हे डॉक्टरांना पारखता येते.

मग उगम अगदी टोकदार का करत नाहीत, असे आपण विचाराल. अडचण उष्णतेची आहे. नळीत इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळतात, तेव्हा त्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे एक टक्काच क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते आणि बाकी सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. ८० किलोव्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर यांचा गुणाकार ४० किलोवॉट होतो. इतकी शक्ती एका मिलिमीटरच्या ठिपक्यावर अंशभर सेकंद जरी ओतली, तरी ३४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारे टंगस्टनही धोक्यात येते. त्यामुळे लक्ष्याची तबकडी मिनिटाला तीन हजार किंवा त्याहून अधिक फेऱ्यांच्या गतीने फिरवतात आणि तिची कड तिरपी ठेवतात, जेणेकरून उष्णता मोठ्या क्षेत्रावर पसरते, पण रुग्णाच्या दिशेने पाहता उगम लहानच दिसतो. माझ्या मते संपूर्ण यंत्रातील सर्वांत चतुर भाग ही तिरपी कडच आहे, आणि पाठ्यपुस्तके तिला एका ओळीत उरकतात, हे काही बरे नाही.

प्रश्न : सोनोग्राफीच्या आधी त्वचेवर जेल का लावतात? यंत्राचा पृष्ठभाग नुसता टेकवला तर चालत नाही का?

उत्तर : चालत नाही. सोनोग्राफीत शरीरात ध्वनी सोडून त्याचे प्रतिध्वनी टिपतात. ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना त्याचा किती भाग परत फिरेल, हे दोन्ही माध्यमांच्या घनता आणि ध्वनिवेग यांच्या गुणाकारांवर ठरते. हवेसाठी हा गुणाकार आंतरराष्ट्रीय एककांत सुमारे ४३० आहे, तर मऊ ऊतींसाठी सुमारे १६ लाख ३० हजार. दोन आकड्यांत इतकी तफावत असली की त्या सीमेवर ९९.९ टक्के ऊर्जा परावर्तित होते. त्वचेला नुसत्या टेकवलेल्या पृष्ठभागाखाली हवेचा पातळ थर उरतोच, आणि तेवढा थर शरीरात जाणारा ध्वनी अडवायला पुरेसा ठरतो. जेलचा गुणाकार ऊतींच्या जवळपास असल्यामुळे ध्वनी फारसा न अडता आत शिरतो. फुप्फुसांमागचा भाग सोनोग्राफीत नीट दिसत नाही, त्याचेही कारण हवाच.

इथे भिंगाचा विषय पुन्हा येतो, कारण ध्वनीसाठी भिंग बनवता येते आणि अनेक यंत्रांच्या टोकाला सिलिकॉन रबराचे भिंग बसवलेले असते. या रबरात ध्वनीचा वेग ऊतींमधल्या सुमारे १५४० मीटर प्रति सेकंद या वेगापेक्षा कमी असतो, त्यामुळे बहिर्गोल आकार ध्वनीला एकत्र आणतो, अगदी काच प्रकाशाला आणते तसा. प्रतिमा मात्र हे भिंग घडवत नाही. ते शलाका अरुंद करते, आणि अवयव किती खोल आहे हे प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून मोजले जाते. दर एक सेंटीमीटर खोलीमागे जाऊन-येऊन सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात.

प्रश्न : एमआरआयच्या नळकांड्यात हातोड्याचे घाव घातल्यासारखा आवाज का येतो? आणि त्या खोलीत लोखंडी वस्तू नेण्याची इतकी धास्ती का, यंत्र बंद असताना तर ती नेता येईल ना?

उत्तर : आवाजाचे उत्तर फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात आहे. नळकांड्याभोवती तारेची जी मोठी कुंडले असतात, ती बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचे स्थिर चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ५० मायक्रोटेस्ला धरले, तर १.५ टेस्ला म्हणजे त्याच्या तीस हजारपट. या क्षेत्राच्या आतच आणखी काही कुंडले असतात, त्यांतून जाणारा काही शे अँपिअरचा प्रवाह अतिशय झपाट्याने चालू-बंद होतो आणि दिशाही पालटतो. चुंबकीय क्षेत्रातील प्रवाहवाही तारेवर बल येते. ३०० अँपिअर, १.५ टेस्ला आणि क्षेत्राला लंब असलेली अर्ध्या मीटरची तार घेतली, तर हे बल २२५ न्यूटन, म्हणजे साधारण २३ किलोग्रॅमच्या वजनाइतके होते. प्रवाह पालटला की बलाची दिशाही पालटते. तार कधी बाहेर रेटली जाते, कधी आत दबते, आणि तिला धरून ठेवणारा सगळा साचा सेकंदाला शेकडो वेळा थरथरतो. ही वारंवारता आपल्या श्रवणमर्यादेत पडते, त्यामुळे रुग्णाला कानात घालायचे बोळे किंवा कर्णआच्छादन द्यावेच लागते.

लोखंडाच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास आढळतो, तो असा की क्षेत्र जिथे सर्वांत तीव्र तिथे ओढही सर्वांत जास्त. वास्तविक एकसमान क्षेत्र चुंबकीय वस्तूला फक्त फिरवते, ओढत नाही. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, पण तबकडी सोडून उत्तरेकडे सरकत नाही, कारण सुईच्या दोन्ही टोकांशी पृथ्वीचे क्षेत्र सारखेच असते. ओढ निर्माण व्हायला क्षेत्र जागोजागी बदलावे लागते, आणि ते सर्वांत वेगाने बदलते ते नळकांड्याच्या तोंडाशी. आधुनिक यंत्रांत बाहेर पसरणारे क्षेत्र मुद्दाम आवरलेले असते. त्यामुळे खोलीच्या दाराशी हातातल्या कात्रीला काहीच जाणवत नाही आणि दोन-चार पावलांवर ती हातातून सुटून जाते. पोलादी सिलिंडर असेल, तर परिणाम जीवघेणा होऊ शकतो. ॲल्युमिनियमच्या वस्तूला अशी ओढ लागत नाही; मात्र तिचा मोठा पत्रा या क्षेत्रात झपकन फिरवून पाहिल्यास तो पाकात बुडाल्यासारखा जड वाटतो, कारण त्यात प्रवर्तित झालेले प्रवाह लेन्झच्या नियमाप्रमाणे त्याच्या गतीला विरोध करतात.

‘यंत्र बंद असताना’ हा शब्दप्रयोगच इथे लागू पडत नाही. बहुतेक एमआरआय यंत्रांच्या मुख्य कुंडलाची तार नायोबियम-टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते आणि ती द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला, ठेवलेली असते. त्या तापमानाला तारेचा रोध शून्य होतो, म्हणून एकदा सोडलेला प्रवाह वीजपुरवठ्याशिवाय वर्षानुवर्षे फिरत राहतो. रात्री दिवे मालवले, संगणक बंद केले, तरी चुंबक जागाच असतो. तो तातडीने घालवायचा, तर हेलियम उकळवून बाहेर सोडावे लागते, आणि ते खर्चिक तसेच जोखमीचे काम आहे.

प्रश्न : एमआरआयमध्ये रेडिओ लहरी वापरतात असे वाचले. त्यांची तरंगलांबी तर काही मीटर असते, मग एक मिलिमीटरचा तपशील कसा दिसतो? आणि त्या शरीराला घातक नाहीत का?

उत्तर : शंका रास्त आहे. १.५ टेस्लाच्या क्षेत्रात हायड्रोजनचे अणुकेंद्रक सुमारे ६३.९ मेगाहर्ट्झ वारंवारतेला प्रतिसाद देते. तिची हवेतील तरंगलांबी ४.७ मीटर, आणि पाण्याने भरलेल्या शरीरातही अर्ध्या मीटरच्या आसपास. तरंगलांबीच्या मानाने इतका बारीक तपशील भिंगाने कधीच मिळाला नसता. युक्ती अशी की अणुकेंद्रकाची वारंवारता क्षेत्राच्या प्रमाणात बदलते, दर टेस्लामागे ४२.५८ मेगाहर्ट्झ. आवाज करणारी जी कुंडले वर सांगितली, ती क्षेत्राला जाणूनबुजून उतार देतात. मीटरमागे १० मिलिटेस्ला उतार असेल, तर एक सेंटीमीटर सरकल्यावर वारंवारता ४.२६ किलोहर्ट्झने बदलते. यंत्र लहर कुठून आली हे पाहतच नाही, ती कोणत्या वारंवारतेची आहे हे ऐकते आणि त्यावरून जागा ओळखते. (वेगवेगळ्या दिशांच्या मोजणीतून संपूर्ण चित्र जुळवण्याचे गणित शाळेच्या पलीकडचे आहे.) पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते या दिशेने केलेल्या कामासाठी.

घातकतेविषयी : या लहरीच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या एक कोटी भागांत तीन भागांहूनही कमी असते, तर रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. त्यामुळे क्ष-किरणांप्रमाणे अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून लावणे या लहरींना जमत नाही. मात्र त्या शोषल्या गेल्या की ऊती किंचित तापतात, म्हणून दर किलोग्रॅम शरीरामागे किती शक्ती शोषली जाईल यावर मर्यादा घातलेली असते आणि रुग्णाचे वजन तपासणीपूर्वी यंत्राला द्यावे लागते.