आपली खोली कधी रिकामी होणार?

ताई, आम्ही डोंबिवलीला राहत होतो. मालवणजवळ तारकर्लीत ह्यांचं वडिलोपार्जित घर. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात घराची कौलं उडाली, ती बघायला म्हणून आलो. ह्यांची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेलेलीच होती, म्हणून इथेच राहिलो. कर्ज काढून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. मागच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, अर्धा भराव घालून गाड्या लावायला जागा केली, अर्धा पडीक आहे. दिवाळीपासून मे संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. खोल्या भरल्या की आमचीही खोली देतो आणि आम्ही कोठीत झोपतो. परवा तिसरीतली मुलगी म्हणाली, "आपली खोली कधी रिकामी होणार?" जून लागला की चिटपाखरू फिरकत नाही. खोल्यांना कुलपं, गाद्या भिंतीला उभ्या. हे दिवसदिवस बोलत नाहीत, अकरापर्यंत झोपून असतात, संध्याकाळी बाटली. मुंबईच्या मैत्रिणी म्हणतात, तुझं काय बाई, समुद्रावर राहतेस! पावसाळ्याचे चार महिने मुलीला घेऊन डोंबिवलीला आईकडे जावं, तिथल्याच शाळेत तिला घालावं, असं मनात आहे. सासूबाई म्हणतात, "लोक काय म्हणतले?" काय करू?
— तारकर्लीची सून

प्रिय मैत्रिणी,

तू विचारलंस पावसाळ्याबद्दल, पण मी अडले ती तुझ्या मुलीच्या प्रश्नापाशी. तू तो जाता जाता लिहिलायस. मला वाटतं, तुमचं खरं दुखणं तिथेच आहे. आठ महिने घर पाहुण्यांचं असतं आणि तुम्ही चौघं त्यांच्या सेवेला. पुढचे चार महिने पाहुणे नाहीत, म्हणून घर ओस पडलं असं तुम्हाला वाटतं. अगं, पण तुम्ही चौघं आहात ना तिथे! पाहुणा असो वा नसो, घर त्याच्याच तालावर चाललंय. हे आहे तसंच ठेवून तू डोंबिवलीला गेलीस, तर ऑक्टोबरात परत त्याच कोठीत अंथरूण घालशील.

म्हणून तुमची स्वतःची खोली यापुढे कुणालाही द्यायची नाही. मे महिन्यात नाही, दिवाळीत नाही, नाताळच्या आठवड्यात तर नाहीच. कुणी दुप्पट पैसे देतो म्हणालं, लहान मुलं आहेत म्हणून गळ घातली, तरी नाही. त्या दिवसांत एका खोलीच्या पैशांचं मोल काय असतं, हे मला कळतं. पण तिसरीतल्या मुलीला आपलं दप्तर, आपली उशी, आपला रंगांचा डबा जिथे ठेवला तिथे सापडायला हवा. आधीच तिचं आणि तुमचं वेळापत्रक जुळत नाही. तिला सुट्टी लागते तेव्हा तुमचा हंगाम ऐन भरात, आणि तुम्ही मोकळे होता तेव्हा तिची शाळा सुरू. काश्मीरमध्ये गुलमर्गला बर्फावर स्कीइंग करायला लोक लोटतात, तेही नेमके तिथल्या शाळांच्या हिवाळी सुट्टीत. पर्यटकांवर पोट असलेल्या गावांतल्या मुलांच्या वाट्याला हे येतंच. निदान खोली तरी तिची राहू दे.

शाळा बदलायचा विचार मात्र सोडून दे. चार महिने डोंबिवली, आठ महिने तारकर्ली, म्हणजे लेकराला ना धड इथल्या मैत्रिणी, ना तिथल्या. त्यापेक्षा जूनचा पहिला पंधरवडा बघ. समुद्रातले खेळ मे संपता संपता बंद होतात आणि तुमच्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. वर्षभरात एवढेच दिवस असे, की पाहुणेही नाहीत आणि शाळाही नाही. ते तुम्ही आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत घालवत असणार. यंदा कौलं परतायला, माडाची चुडतं बांधायला, लाकडं आत घ्यायला एप्रिलमध्येच माणूस सांगून ठेवा आणि मेमध्ये उरकून घ्या. मग तिघं मिळून डोंबिवलीला जा, सासूबाई येत असतील तर चौघं. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे कुडाळहून ठाण्याची तिकिटं एप्रिलच्या सुरुवातीलाच हातात असतील. वर्षाकाठी तुमच्या कुटुंबाची ही एकच सुट्टी, ती चुकवायची नाही.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. पत्रात तू त्याच्यावर चिडलेली आहेस आणि त्याच्यासाठी घाबरलेलीही आहेस. दोन्ही मला पोचलं. आठ महिने जो माणूस पहाटे उठून मासळी आणतो, दुपारी गाड्या लावून देतो, रात्री बारा वाजता गरम पाण्याची बादली पोचवतो, त्याला एक दिवस अचानक कुणीच हाक मारत नाही. त्यात बँकेचा हप्ता दर महिन्याला दारात उभा. अशा वेळी माणूस खचतो.

हप्त्याचं आधी बघू, कारण ते तुझ्या हातात आहे. मे महिन्यात पैसा खेळता असतो, तेव्हा नवा एसी, नवे पलंग, रंगकाम असं सगळं सुचतं आणि जूनमध्ये हात रिकामे होतात. या ऑक्टोबरपासून दर आठवड्याच्या जमेतून एक भाग वेगळ्या खात्यात टाकायचा. त्यात चार महिन्यांचे हप्ते, वीजबिल, किराणा आणि शाळेचा खर्च जमेपर्यंत नव्या वस्तूचं नाव काढायचं नाही. हंगामात हप्ते आगाऊ भरून घेतात का, हेही शाखेत विचार. खातं तुझ्या नावाने उघड आणि हिशेब त्याला दाखवत जा. चार महिन्यांची सोय झालीय हे आकड्यांत दिसलं की पुरुषमाणसाच्या जिवावरचं केवढं तरी ओझं उतरतं.

दुसरी गोष्ट त्या पडीक कुणग्याची. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला 1997 साली. त्याआधीही तारकर्लीत माणसं बारा महिने राहतच होती आणि त्यांचा जुलै रिकामा नव्हता. पावसात मासेमारी बंद, तेव्हा होड्या वर ओढून जाळी दुरुस्त करायची. ज्यांचं शेत त्यांनी तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचा, लावणी करायची, बांध घालायचे. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चारच महिन्यांत. शेतकऱ्याचं ते भांडवल आहे. तुमच्या घराने खोल्या बांधल्या आणि पावसाळ्यातली कामं सोडून दिली, म्हणून तुम्हाला पावसाळा मोकळा वाटतो. उरलेल्या अर्ध्या कुणग्यात यंदा भात लावा. घरच्या पेजेपुरते तांदूळ झाले तरी पुष्कळ, कर्ज त्यातून फिटणार नाही. पण तरवा कुणाची वाट बघत नाही. सकाळी सहाला उठावं लागतं, शेजाऱ्याच्या लावणीला आपण जावं लागतं, मग तो आपल्याकडे येतो. चिखलात वाकून दमलेला माणूस संध्याकाळी ताटातली कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा मन लावून जेवतो. हे नुसतं बोलून होणार नाही, बियाणं आणायला तूच त्याच्याबरोबर जा.

आणि त्या कुलपांच्या किल्ल्या काढ. गाद्या आडव्या कर. पाहुणे ज्या खोलीसाठी भांडतात, समोर समुद्र दिसतो ती, तिथे पावसाळाभर तुम्ही तिघं झोपा. मुलीचा अभ्यास तिथल्या टेबलावर होऊ दे. वापरातल्या खोलीला कुबट वासही कमी येतो, म्हणजे ऑक्टोबरात तुझे कष्ट वाचतील. ज्या घरासाठी कर्ज काढलं, त्याची चांगली खोली तुम्ही कधी अनुभवलीच नसेल, असा माझा अंदाज आहे.

एवढं करूनही, किंवा हे सगळं होण्याची वाट न बघता, एक काम याच आठवड्यात कर. झोप बिघडणं, अबोला, रोजची दारू हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तो आळस नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीअपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो बोलायला तयार नसेल तर आधी तू बोल, अगदी स्वतःसाठीही. पुढे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना विचारता येईल. आणि दारूपायी त्याने कधी तुझ्यावर किंवा मुलीवर हात उचलला, तर वरचं सगळं बाजूला ठेव. मुलीला घेऊन सरळ आईकडे जा. 112 या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करायला संकोचू नकोस.

मैत्रिणींचं मनाला लावून घेऊ नकोस, त्यांनी तुझं गाव डिसेंबरातच पाहिलंय. तुला मैत्रीण हवी ती हाकेच्या अंतरावरची. हंगामात शेजारीण म्हणजे स्पर्धा: कुणाचा पाहुणा कुणाकडे वळला, कुणी भाडं पाडलं. पावसात ती अढी राहत नाही. श्रावणात देवळात सप्ताह बसतो, वाडीवाडीचे भजनाचे पहारे लागतात, गणपतीआधी बायका फुगड्यांचा सराव करतात. कुणी बोलावण्याची वाट बघू नकोस. मुंबईची म्हणून त्याही बिचकत असतील. पहिल्या दिवशी नुसती जाऊन बस.

राहता राहिल्या सासूबाई. तुझ्या पत्रात त्या एका वाक्यापुरत्या आहेत, पण मला त्यांच्याबद्दल फार वाटलं. कोकणातल्या त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचे नवरे मुंबईला गिरणीत नाहीतर नोकरीत, आणि या इथे म्हातारी माणसं, पोरं, गुरं, शेती सांभाळून एकट्या. लावणीच्या दिवसांत एखादी माहेरी गेली तर तिचं काम दुसरीच्या अंगावर पडायचं, तेव्हा लोक बोलायचेच. त्यांचा पाऊस कसा सरायचा, हे त्यांना एकदा विचार. बियाणं कोणतं घ्यावं, तरवा कधी टाकावा, हेही त्यांनाच विचार. घरात हे जाणणारं दुसरं कोण आहे? त्यांचा सल्ला घेतलास तर लावणीचं अर्धं काम त्याच पुढे होऊन करून घेतील.

माहेरी मात्र तू जायचंच आहेस, चार महिने नव्हे, आठवडाभर. लावणी आटोपल्यावर, गणपतीच्या बऱ्याच आधी, कारण चाकरमान्यांची गर्दी सुरू झाली की गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मुलीला बाबा आणि आजीपाशी ठेव. तिचा डबा भरायचा, वेणी घालायची, शाळेत सोडायचं, हे सगळं तेवढे दिवस त्याच्या अंगावर पडू दे. सासूबाईंशी भांडून जाऊ नकोस, पण परवानगीही मागत बसू नकोस. तिकीट आधी काढ, मग तारीख सांग.

तुझी,
ताई