भारतात एकदा मलेरिया होऊन गेलाय. नायजेरियात २ वर्षं नोकरीला जाताना प्रतिबंधक गोळ्या घ्यायलाच हव्यात का?

घ्या. "लहानपणी होऊन गेलाय, शरीराला सवय आहे" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आपल्याकडे झालेला तो बऱ्याचदा व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचा सहसा कमी जीवघेणा प्रकार असतो. तिथे गाठ फाल्सिपॅरमशी, म्हणजे सगळ्यात जीवघेण्या प्रकाराशी आहे. तिथल्या मोठ्या माणसांमध्ये पुन्हा पुन्हा लागण होऊन जी थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, ती आपल्यात नाही.

मी नायजेरियात, लागोसजवळच्या अगबाराच्या एका कारखान्यात होतो. खोलीतला सांगलीकडचा मुलगा तापाने पडला. कॅम्पवरच्या माणसाने पॅरासिटामॉल दिलं आणि झोप म्हणाला. मी ड्यूटीवरून आलो तेव्हा पोरगा असंबद्ध बडबडत होता, डोळे पिवळे, लघवी काळपट. साहेब म्हणाले, "इथे सगळ्यांनाच होतो. रात्री लागोसच्या रस्त्याला गाडी काढायची नाही, सकाळी बघू." मी ड्रायव्हरला उठवलं आणि निघालो.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्याची साखर पार उतरलेली होती. शंभरातल्या दहाहून जास्त लाल पेशींत जंतू. गंभीर मलेरियावरचं आर्टेसुनेटचं इंजेक्शन लगेच सुरू झालं, तरी किडन्या बसल्या, डायलिसिस करावं लागलं. पोरगा वाचला.

साहेब आजही जुन्या ग्रुपवर लिहितात की मी उतावीळपणा केला. रस्ता धोक्याचा होता, मान्य. पण या जंतूंनी भरलेल्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. २००५ साली आशियातल्या मोठ्या चाचणीत गंभीर रुग्णांपैकी क्विनीन या जुन्या औषधावर २२ टक्के दगावले, आर्टेसुनेटवर १५. म्हणजे चांगलं औषध मिळूनही इतके जातात, आणि तुम्ही सकाळची वाट बघता?

म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी पगाराइतकंच हेही विचारा: कॅम्पवर मलेरियाची रॅपिड टेस्ट आहे का, आर्टेसुनेट सगळ्यात जवळ कुठे मिळतं, रात्री गाडी काढायला कोणाची परवानगी लागते. उत्तर देताना चाचरले तर जाऊ नका.

गोळी कोणती, हे डॉक्टर ठरवतील. मॅलरोन महाग पडते, डॉक्सीने (डॉक्सिसायक्लीन) उन्हात कातडी भाजू शकते, मानसिक त्रास होऊन गेला असेल तर मेफ्लोक्विन नको. २ वर्षं सलग घ्यायच्या म्हणजे तपासण्याही आल्या. गोळ्या घेऊनही मलेरिया होऊ शकतो, त्यामुळे मच्छरदाणी हवीच. आणि सुट्टीवर घरी आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांनी डेंग्यूचं नाव काढायच्या आत सांगा की तुम्ही नायजेरियातून आलाय.