‘मॅडम, माझंच काय तर चुकतंय’

कॉल सेंटरमध्ये काम करणारी मुले-मुली मला वारंवार एक प्रश्न विचारतात: बाकीच्यांना जमते, मग मलाच का झेपत नाही, मी मनाने कमकुवत आहे का? अशा वेळी मला कोल्हापुरातील राजारामपुरीत असलेल्या माझ्या समुपदेशन केंद्रात आलेली एक चोवीस वर्षांची मुलगी आठवते. तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.

पहिल्या भेटीत समोर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासाला तिने तासभर हात लावला नाही. विचारल्यावर म्हणाली, “सवयच गेलीय, मॅडम.” नऊ तासांच्या शिफ्टमध्ये ठरलेल्या ब्रेकपलीकडे बाथरूमला गेले की सिस्टिमवर नोंद होई आणि महिनाअखेरीस पगारातून ‘दंड’ कापला जाई, म्हणून ती कामावर पाणीच पीत नसे. वर्षभरात लघवीच्या संसर्गासाठी दोनदा औषधे घेऊन झाली होती. त्यातच एक ग्राहक पुन्हा पुन्हा फोन करून अश्लील बोलत असे, आणि एजंटने स्वतःहून कॉल कट करायचा नाही असा नियम होता. टीम लीडरने तिला एचआरकडे पाठवले, एचआरने क्लायंटच्या, म्हणजे कॉल सेंटर ज्या कंपनीसाठी काम करते तिच्या, नियमाकडे बोट दाखवले, आणि क्लायंटकडे दाद कुठे मागायची हे तिला कोणीच सांगितले नाही. “माझंच काय तर चुकतंय,” असे ती म्हणाली ते यानंतर. चुकीचा जाब द्यायला जिथे कोणीच बांधील नसते, तिथे सर्वांत खालच्या पायरीवरचे माणूस ती चूक आपल्या अंगावर घेते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

म्हणूनच मी तिला लगेच श्वसनाचे व्यायाम दिले नाहीत. दोष तिच्यातच आहे या समजुतीला माझाही दुजोरा मिळाला असता. मी तिला एक वही घालायला सांगितली: तारीख, कॉलची वेळ, समोरचा काय बोलला, तक्रार कोणाकडे केली, त्याने काय उत्तर दिले. तिसऱ्या आठवड्यात तिने ती मोठ्याने वाचली, मध्येच थांबली आणि म्हणाली, “ह्यात माझं काय हाय?” त्या दिवशी ती पहिल्यांदा रागावली, आणि मला ते बरे वाटले.

पुढचे काम कायद्याच्या माहितीचे होते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासून संरक्षण देणे हेही मालकाचे कर्तव्य आहे. पगारातून दंड कापायचा तर कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि एकूण दंड त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. तिने वहीच्या आधारे ईमेलने लेखी तक्रार केली. त्या ग्राहकाचा नंबर आठवडाभरात ब्लॉक झाला; कापलेले पैसे मात्र मिळेनात, तेव्हा ती वडिलांना सोबत घेऊन सहायक कामगार आयुक्त कार्यालयात गेली. झोपेवर आणि भीतीवर आम्ही त्यानंतर काम केले. ज्यांना रात्री-अपरात्री बोलावेसे वाटते, त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

चार महिन्यांनी दुसरी नोकरी पाहून तिने ते कॉल सेंटर सोडले. शेवटच्या भेटीत मी वहीबद्दल विचारले, तर ती वही कामावर शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीने नोंदी कशा ठेवायच्या ते बघायला नेली होती.