जेवणाची सुट्टी वजा करून कामाचे रोजचे तास कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपची हजेरी नुकतीच तुमच्याकडे आलीय, एका कामगाराचं पंचिंग सकाळी ८:४२ आणि संध्याकाळी ६:१५ असं आहे, जेवणाची सुट्टी अर्धा तास, आणि तुमचा नि मालकांचा आकडा काही जुळत नाही. मी याच पट्ट्यातल्या काही युनिटांचे पगार करतो. घोळ बहुतेक वेळा एकाच जागी असतो.

आधी सगळं मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत करा. ८:४२ म्हणजे ५२२. संध्याकाळचे ६:१५ म्हणजे १८:१५, म्हणजे १०९५. फरक ५७३, त्यातून जेवणाची ३० गेली, उरली ५४३. झाले ९ तास ३ मिनिटं. पगाराच्या रकान्यात मात्र हे ९.०३ लिहायचं नाही, आणि ९.३ तर मुळीच नाही. ५४३ ला ६० ने भागा, ९.०५ येतं. ताशी ८० रुपये धरले तर ७२४ रुपये, ९.३ ने केलंत तर ७४४. बहुधा तुम्ही दोघं इथेच वेगळे झाला असाल.

रात्रपाळीत सुटायच्या वेळेत चोवीस तासांची १४४० मिनिटं मिळवा, मग वजाबाकी करा. बाकी सगळं तेच.

आता सुट्टी कापायची कशी, हा खरा वादाचा भाग. डबा खायला जाताना कुणी पंच करत नाही, म्हणून सॉफ्टवेअरला सरसकट अर्धा तास कापायला लावतात. मग चार तास काम करून हाफ डे घेतलेल्याचेही साडेतीनच तास भरतात. हे मला पटत नाही. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असं कलम ५५ होतं. तोच आधार घ्या: हजेरी पाच तासांच्या वर गेली तरच कापा. आणि जेवायला बसलेल्या माणसाला टेम्पो उतरवायला उठवलं असेल तर ती सुट्टी नव्हे, काम. ती मिनिटं कापू नका. सुपरवायझरची सही घेऊन मस्टरमध्ये शेरा मारा. दहा मिनिटांच्या चहाला मी तरी हात लावत नाही.

(एक ते चार बंद असणाऱ्या पेठेतल्या दुकानाला हे गणित आणखी अडतं. ९ ते १ आणि ४ ते ८, काम आठच तास, पण पहिल्या पंचपासून शेवटच्यापर्यंत अकरा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात या एकूण पसाऱ्यालाही मर्यादा घातली होती, मुळात साडेदहा तासांची.)

एक्सेलमध्ये करत असाल तर महिन्याच्या बेरजेकडे लक्ष ठेवा. रोज आठ तासांप्रमाणे २६ दिवसांचे २०८ व्हायला हवेत, पण खाली १६:०० दिसतं, कारण चोवीस तास पुरे झाले की ते पुन्हा शून्यापासून दाखवतं. सेलच्या फॉरमॅटमध्ये तासांचं अक्षर h चौकोनी कंसात टाका, म्हणजे [h]:mm, २०८:०० दिसेल. आणि दराने गुणण्याआधी त्या बेरजेला २४ ने गुणा, नाहीतर पगार सहाशे-सातशे रुपये निघेल.