डेनी, बील आणि निक्सकडे अडकलेला पिक: विझार्ड्सबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी वॉशिंग्टन विझार्ड्सवर, म्हणजे अमेरिकेच्या NBA बास्केटबॉल लीगमधल्या माझ्या टीमवर, चार ओळी लिहिल्या होत्या, की 2023-24 ला 15-67 (15 विजय, 67 पराभव) आणि 2024-25 ला 18-64 असे लागोपाठ दोन सीझन गेले तरी ही टीम मी सोडणार नाहीये. त्यावर खूप प्रश्न आले, काही चिडून विचारलेले, काही अगदी जीव तोडून. ऑक्टोबर 2025 मध्ये 2025-26 चा सीझन सुरू होतोय, त्याच्या तोंडावर हे लिहितोय, जमतील तेवढ्यांना उत्तरं देतो. सगळे प्रश्न रोस्टर (टीममधले खेळाडू) आणि ट्रेडचेच (खेळाडूंची दुसऱ्या टीमशी अदलाबदल) आहेत.

प्रश्न: दादा, एकच विचारायचंय. डेनी अवदियाला विकलं ते बरोबर केलं का? मला अजून पचलेलं नाही.

मलाही नाही पचलं. 2020 च्या ड्राफ्टला (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो दिवस, त्यातली एक पाळी म्हणजे पिक, आणि पहिल्या फेरीचा म्हणजे फर्स्ट राउंडचा पिक मोलाचा) नवव्या नंबरवर घेतलेला पोरगा, तीन वर्षं कोचने कधी खेळवला कधी बसवला, आणि चौथ्या वर्षी सूर सापडला, जवळपास 15 पॉइंट आणि 7 रीबाउंड, वर बॉल घेऊन पुढे सुटला की समोरच्याला अंगावर घेऊन बास्केटपर्यंत जायचा. कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, साडेपाच कोटी डॉलरचं, आणि तेही दर वर्षी थोडं थोडं कमी होत जाणारं. वय 23. असा माणूस कोणी विकतं का? असंच मला ड्राफ्टच्या रात्री वाटलं.

बदल्यात पोर्टलंडकडून काय आलं तर माल्कम ब्रॉग्डन, त्याच ड्राफ्टचा 14 वा पिक ज्यातून बब कॅरिंग्टन आला, 2029 चा एक फर्स्ट राउंड पिक आणि दोन सेकंड राउंड. कागदावर वाईट नाही. कॅरिंग्टन बाल्टिमोरचा पोरगा, पहिल्याच वर्षी 82 च्या 82 मॅच खेळला, हे आजकाल कोण करतं सांगा. पण डेनीने पोर्टलंडला गेल्यावर पहिल्याच सीझनला 17 च्या आसपास पॉइंट काढले आणि अजून तो वरच चाललाय.

माझं मत विचाराल तर ट्रेडमागचा विचार मला समजतो. टीमचा कारभार बघायला मायकल विंगर आणि विल डॉकिन्स 2023 ला आले तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की अगदी तळापासून बांधायचं, आणि तळापासून बांधायचं तर टीम मोठी होईस्तोवर डेनीची उमेदीची वर्षं निघून गेली असती. तरी मी ठेवला असता. एवढ्या कमी पगारात एवढं देणारा खेळाडू कुठल्याही टीममध्ये बसतो, तळाच्याही आणि वरच्याही. तुमचा राग चुकीचा नाही, एवढंच सांगतो.

प्रश्न: ब्रॅडली बीलसारख्या स्टारच्या बदल्यात एकही धड फर्स्ट राउंड पिक मिळाला नाही, हे नव्या मॅनेजमेंटचं अपयश नाही का?

नाही, आणि याचं उत्तर जरा लांब देणार आहे कारण आज आपण जिथे आहोत त्याचं मूळ इथेच आहे.

2020-21 ला बील मॅचला 31 च्या वर पॉइंट काढत होता, अख्ख्या लीगमध्ये फक्त स्टेफ करी पुढे. त्या उन्हाळ्यात टीममधला दुसरा स्टार, रसेल वेस्टब्रुक, लेकर्सला दिला, बदल्यात कुझ्मा, कॉल्डवेल-पोप, हॅरेल वगैरे आले. तेव्हाच कळायला हवं होतं की ही टीम काही वर जात नाही, आता बीललाही विका, भाव आहे तोवर. नाही विकलं. पुढच्या वर्षी त्याच्या मनगटाचं ऑपरेशन झालं, अर्धा सीझन गेला, आणि 2022 च्या जुलैमध्ये आपण त्याला पाच वर्षांचे 25 कोटी 10 लाख डॉलर दिले, वर नो-ट्रेड क्लॉज. म्हणजे कुठल्या टीमला विकायचं ते टीम नाही, बील ठरवणार. त्याने नाही म्हटलं की विषय संपला.

आता त्याच महिन्यात बाकी लीगमध्ये काय चाललं होतं बघा. यूटाने रूडी गोबेअर मिनेसोटाला दिला आणि चार फर्स्ट राउंड पिक, एक स्वॅप (पिक बदलून घ्यायचा हक्क), वर वॉकर केसलर आणि बाकी खेळाडू घेतले. सप्टेंबरमध्ये डॉनोव्हन मिचेल क्लीव्हलंडला दिला, तिकडून अजून तीन फर्स्ट राउंड. एका उन्हाळ्यात दोन माणसं विकून सात पिक! खेळाडूंचा बाजार इतका तेजीत असताना आपण आपल्याच दाराला आतून कडी लावून बसलो होतो.

त्यामुळे 2023 ला आधीचा मॅनेजर टॉमी शेपर्डला काढून विंगरला आणलं तेव्हा त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं. बील फिनिक्सला जायला तयार झाला, मग फिनिक्स कशाला भाव वाढवेल? ख्रिस पॉल, लँड्री शॅमेट, सेकंड राउंडचे पिक आणि काही फर्स्ट राउंड स्वॅप, एवढ्यावर भागवावं लागलं. स्वॅप म्हणजे दोघांच्या पिकांपैकी वरचा आपण घ्यायचा, पण आपणच तळाला असलो तर आपलाच पिक वरचा असणार ना, मग त्या हक्काचं करायचं काय. पुढे तो क्लॉज बीलबरोबर फिनिक्सलाही गेला, त्यांनाही त्याला विकता येईना, आणि 2025 च्या जुलैत त्यांनी बायआउट करून, म्हणजे पैशांची तडजोड करून कॉन्ट्रॅक्ट संपवून, त्याला मोकळा केला, तो क्लिपर्सला गेला.

बीलवर माझा जराही राग नाही. 2012 पासून 11 सीझन तो इथे राहिला, वाईट काळात पळून गेला नाही, आणि समोरून कोणी एवढं देत असेल तर कुठला माणूस नाही म्हणेल? चूक देणाऱ्याची होती. विंगरने विकलं ते वरातीमागून घोडं होतं हे खरं, पण वरात त्याच्या आधीच्या लोकांनी पुढे काढली होती.

प्रश्न: 2026 चा आपला पिक न्यूयॉर्क निक्सकडे आहे म्हणतात. आपण निक्सबरोबर असा कुठला ट्रेड केला?

निक्सबरोबर केलाच नाही! हा पिक फिरत फिरत तिकडे गेलाय. डिसेंबर 2020 मध्ये जॉन वॉल आणि एक प्रोटेक्टेड (ठराविक नंबरच्या आत आला तर द्यायचा नाही असा) फर्स्ट राउंड पिक ह्यूस्टनला देऊन आपण वेस्टब्रुक घेतला. 2021 च्या ड्राफ्टला ह्यूस्टनने हा पिक आणि अजून एक पिक ओक्लाहोमा सिटीला देऊन 16 व्या नंबरवरचा आल्परेन शेंगून उचलला, तोच शेंगून जो 2025 ला ऑल-स्टार झाला. मग 2022 ला ओक्लाहोमाने तो निक्सला दिला. वेस्टब्रुक इथे एकच सीझन खेळला, वॉल आता खेळतही नाही, आणि त्या ट्रेडचं देणं अजून फिटलेलं नाही.

आता प्रोटेक्शन असं आहे की 2026 चा आपला पिक पहिल्या आठात आला तर तो आपल्याकडेच राहतो, निक्सला फक्त दोन सेकंड राउंड पिक मिळतात आणि हिशोब कायमचा मिटतो. नववा किंवा खाली गेला तर निक्सचा. लॉटरीचे (तळातल्या टीमचा ड्राफ्टमधला क्रम ज्या सोडतीने ठरतो तिचे) नियम बघितले तर लीगमध्ये तळातल्या पहिल्या चार टीममध्ये असलो तरच आठाच्या आत राहणं पक्कं आहे, कारण तळातून चौथी टीम जास्तीत जास्त आठव्या नंबरपर्यंतच घसरू शकते. म्हणजे या वर्षीही खूप जिंकायचा मोह टीमला होणार नाही, आणि का ते आता तुम्हाला कळलं असेल. 12-15 मॅच सलग हरलो की कोच ब्रायन कीफला शिव्या घालण्याआधी हे एकदा आठवा.

प्रश्न: मुद्दाम हरणं तुम्हाला पटतं का? मी मुलाला मॅचला नेतो, त्याला काय सांगू?

हा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्हाला एक दिवस सांगतो.

13 एप्रिल 2025, सीझनची शेवटची मॅच, मायामीत. त्या सकाळी आपण 17-64 आणि यूटाही 17-64. लॉटरीत तळाच्या तीन टीमना पहिल्या पिकची शक्यता सारखीच, 14 टक्के, पण एक फरक असतो: सगळ्यात तळाची टीम पाचव्याच्या खाली घसरत नाही, दुसरी सहाव्यापर्यंत घसरू शकते. मी टीव्हीसमोर बसून हाच हिशोब करत होतो. माझी मुलगी 11 वर्षांची आहे, ती बाजूला जर्सी घालून बसलेली, तिला हे काही माहीत नाही. शेवटचा सेकंद, एक पॉइंटने मागे, बॉल कॅरिंग्टनकडे, त्याने उडी मारून सोडला आणि बझर वाजता वाजता आत गेला. सगळी पोरं त्याच्या अंगावर, तो खाली, 64 मॅच हरलेली टीम अशी नाचत होती की फायनल जिंकली. मुलगी सोफ्यावर उभी राहून ओरडली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा जिंकलो ना आपण? मी म्हटलं हो, जिंकलो. आणि हिशोबाचा कागद उलटा ठेवला.

यूटा त्याच दिवशी हरली, म्हणजे आपण हरलो असतो तर दोघं बरोबरीत आणि मग चिठ्ठी टाकून ठरलं असतं. मे महिन्यात लॉटरी झाली, 1.8 टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला पिक लागला, त्या ड्राफ्टचा सगळ्यात गाजलेला पोरगा कूपर फ्लॅग तिकडे गेला, यूटा पाचवी आणि आपण सहावे. फार तर एक नंबर गेला असेल. आपल्याला ट्रे जॉन्सन मिळाला, टेक्सास युनिव्हर्सिटीचा, आणि त्याचा शॉट इतका सुंदर आहे की मला त्या एका नंबरचं जराही दुःख नाही.

तर माझं उत्तर असं की मॅनेजमेंटने पोरांना जास्त मिनिटं द्यावीत, म्हाताऱ्या खेळाडूंना बसवावं, त्यातून हरलो तर हरलो. पण कोर्टावरच्या पाच जणांनी त्या दिवशी हरायचा प्रयत्न केला असं माझ्या डोळ्यांनी मला एकदाही दिसलेलं नाही. मुलाला हेच दाखवा. मार्चमधल्या मॅचला वरचे स्टँड अर्धे रिकामे असतात, तेव्हा खाली जवळ जागा मिळाली तर बुटांचा करकर आवाज ऐकू येतो, बिलाल कुलिबाली डिफेन्सला ओरडून जागा सांगत असतो तेही ऐकू येतं, आणि 20 पॉइंटने मागे असतानाही तो ओरडतच असतो.

प्रश्न: सीजे मॅकॉलम आणि क्रिस मिडलटन दोघंही चौतिशीला आले. तरुण टीम बनवायची म्हणता आणि हे कशाला आणले?

पगारासाठी आणले, खेळासाठी नंतर. 2025-26 ला दोघांनाही तीन कोटी डॉलरच्या वर पगार आणि दोघांचीही कॉन्ट्रॅक्ट 2026 च्या उन्हाळ्यात संपणारी. जॉर्डन पूलचं त्याच्या पुढेही एक वर्ष होतं, कुझ्माचंही लांब होतं. ते देऊन हे घेतले, म्हणजे 2026 च्या उन्हाळ्यात टीमच्या डोक्यावरचं पगाराचं ओझं जवळजवळ उतरलेलं, कोणाचं ओझं घेऊन त्याबदल्यात पिक मागायचं असेल तर मागता येतं. मधे मार्कस स्मार्टचं तसंच झालं, मेम्फिसने तो दिला आणि बरोबर फर्स्ट राउंड पिक दिला, त्या पिकवरून थोडं मागे सरकून आपण विल रायली घेतला, आणि स्मार्टला 2025 च्या जुलैत मोकळा केला.

शिवाय 19-20 वर्षांच्या पोरांच्या लॉकररूममध्ये एक-दोन मोठी माणसं लागतातच. मिडलटनकडे 2021 ची चॅम्पियनशिप रिंग आहे, रोज प्रॅक्टिसला वेळेवर येऊन काय करायचं हे त्याने नुसतं करून दाखवलं तरी पुरे.

प्रश्न: पूल गेल्याचं दुःख झालं का?

थोडं. गेल्या सीझनला त्याने 20 च्या वर पॉइंट काढले आणि पोरांशी चांगला वागला. पण विकायची वेळ हीच होती, आणि या वेळी वेळेवर विकला.

प्रश्न: मी कॉलेजात आहे, नवीनच बघायला लागलोय. यातल्या कोणावर लक्ष ठेवू?

अलेक्स सारवर ठेव. 2024 चा दुसरा पिक, फ्रान्सचा, सात फूट उंच. त्या जुलैत समर लीगच्या एका मॅचला त्याने 15 शॉट मारले आणि एकही आत गेला नाही, शून्य. सगळीकडे त्याची टिंगल झाली. मी ती मॅच पूर्ण बघितली होती आणि मला लक्षात राहिलं ते हे की तेरावा, चौदावा, पंधरावाही शॉट त्याने तसाच मारला, हात आखडला नाही, आणि दुसऱ्या टोकाला धावत जाऊन डिफेन्स केला. सीझनच्या शेवटी ऑल-रुकी फर्स्ट टीममध्ये, म्हणजे पहिल्या वर्षाच्या सगळ्यात चांगल्या पाच खेळाडूंत, होता. त्याचं काम अजून बाकी आहे, बास्केटजवळ अंगाने जड माणूस आला की ढकलला जातो, रीबाउंड सुटतात, तू बघशील. पण पिक-अँड-रोलवर (एकजण अडथळा करून उभा राहतो आणि बॉलवाला त्याच्या बाजूने सुटतो ती चाल) त्याच्यासमोर एखादा छोटा गार्ड आला ना, की सारचे पाय बघ, एवढा उंच माणूस आडवा कसा सरकतो ते बघ.

दुसरा किशॉन जॉर्ज, 24 वा पिक, स्वित्झर्लंडचा. त्याचे पास बघ.

प्रश्न: शेवटचं विचारतो, 50 मॅच जिंकलेली विझार्ड्स आपण कधी बघणार?

शेवटच्या जिंकल्या 1978-79 ला, तेव्हा नाव बुलेट्स होतं, वेस अनसेल्ड आणि एल्विन हेज होते, आणि आदल्याच वर्षी टीम चॅम्पियन झाली होती. मी स्वतः सगळ्यात जवळ गेलेलं बघितलं ते 2016-17, 49 विजय. प्लेऑफ म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, त्यात बॉस्टनविरुद्ध सात मॅचच्या सिरीजमधली सहावी मॅच, वॉलने तीन पॉइंटरचा शॉट मारला आणि स्कोअरच्या टेबलावर चढून उभा राहिला, मी वरच्या स्टँडमध्ये होतो आणि शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली होती. तीन दिवसांनी सातवी मॅच हरलो.

आकडा सांगत नाही. पण 2026 चा तो पिक आपल्याकडे राहिला, पुढच्या उन्हाळ्यात पैसे घाईघाईत कोणा एका मोठ्या नावावर उधळले नाहीत, आणि सार, कुलिबाली, कॅरिंग्टन, जॉर्ज, जॉन्सन यांच्यापैकी दोघं जरी खरे निघाले तर 2028 च्या आसपास एप्रिलच्या शेवटीही, म्हणजे प्लेऑफच्या, मॅच बघायला मिळतील असं मला मनापासून वाटतं. पहिली होम मॅच असेल त्या दिवशी मी मुलीला घेऊन जाणार आहे, गॅलरी प्लेस स्टेशनला उतरलं की डोक्यावरच अरीना आहे. तिला या वेळी सारची जर्सी हवीये.