संगणक सल्ला : ब्राउझर सारखा बंद पडतो

प्रश्न : आमचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र आहे. संगणक जुना, विंडोज १०, रॅम ४ जीबी. पीकविम्याचा अर्ज अर्ध्यावर येतो अन् ब्राउझर आपोआप बंद होतो. काढून पुन्हा टाकला, फरक नाही. लोक ताटकळत बसतात. काय करावं?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : काढून पुन्हा टाकल्यानं बहुतेकदा काही होत नाही. ब्राउझर काढताना ‘ब्राउझिंग डेटाही डिलीट करा’ या चौकटीत खूण केली नसेल, तर जुनं प्रोफाइल (तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज यांचा साठा) तसंच राहतं आणि नव्या ब्राउझरला तेच चिकटतं. ब्राउझर कोणता ते तुम्ही कळवलं नाही, म्हणून क्रोम धरून सांगतो.

आधी नेमकं काय पडतं ते बघा. एकच टॅब मरून ‘ऑ, स्नॅप’ दिसत असेल तर बहुधा मेमरी अपुरी पडते. तुमच्या ४ जीबीतली निम्म्याच्या आसपास विंडोजच खातं. क्रोम चालू असताना शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. कोणता टॅब किती मेमरी घेतो ते दिसेल, जड असेल तो तिथूनच बंद करा. सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. सी ड्राइव्हही तपासा. रॅम संपली की विंडोज डिस्कवरची जागा वापरतं. तीही नसेल तर ब्राउझर कोसळणारच. केंद्रावर सातबारा अन् आधारच्या स्कॅनांनी डाउनलोड्स फोल्डर तुंबलेलं असतं. ते दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, सी वर १५-२० जीबी मोकळी ठेवा.

अख्खी खिडकीच गायब होत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकीत तोच अर्ज भरा. तिथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) सहसा बंद असतात. तिथे नीट चाललं तर सगळी एक्स्टेन्शन बंद करून एकेक चालू करत जा. फुकटचे पीडीएफ कन्व्हर्टर आधी तपासा. तिथेही पडला तर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’खालचं ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन (चित्रं दाखवायला ग्राफिक्स चिपची मदत घेणं) बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. एवढ्यानं थांबलं तर दोष डिस्प्ले ड्रायव्हरचा, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रामचा. संगणक कंपनीच्या साइटवरून नवा टाका. तोवर हे बंद राहिलं तरी अर्ज भरायला अडत नाही.

यूपीएस नसेल आणि लाइट वारंवार जात असेल तर प्रोफाइलच्या फाइली अर्धवट लिहिल्या जाऊन खराब होतात. वर उजवीकडच्या चित्रावर टिचकी मारून नवं प्रोफाइल बनवा. त्यात ब्राउझर टिकला तर जुन्यातले बुकमार्क आणि पासवर्ड एक्स्पोर्ट करून इकडे आणा. पासवर्डची ती फाइल काम होताच कायमची पुसा. त्यात सगळे पासवर्ड उघडे वाचता येतात, आणि केंद्राच्या संगणकावर दहा जणांचे हात असतात.

ब्राउझरबरोबर बाकी प्रोग्रामही पडतात किंवा निळा पडदा येतो? मग ब्राउझरच्या मागे लागू नका. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून चालवा. चूक निघाली तर प्लग काढून रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसा, पट्टी घट्ट बसवून पुन्हा तपासा. तरीही चूक आली तर पट्टी बदला. आणखी ४ जीबीची पट्टी घालायची असेल तर जुनीवरचं लेबल वाचून न्या : डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाचच वेगळी असते.

प्रश्न : वाचनालयाच्या विंडोज ७ च्या संगणकावर नवा क्रोम टाकता येत नाही.
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : येणारही नाही. विंडोज ७ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ मधली. फायरफॉक्स ब्राउझरची ११५ ईएसआर (दीर्घ मुदतीची आवृत्ती) त्यावर चालते, पण विंडोज ७ वर बँकेचं काम नको. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा नियमित आधारही (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम ४ जीबी असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. पुस्तकांची सूची अन् वाचकांचं इंटरनेट यांना ते पुरेल.