वाचकांचे प्रश्न : शोधनिबंध छापण्याआधी आणि छापल्यावर

प्रश्न : माझा एक लेख तीन वर्षांपूर्वी मराठी नियतकालिकात आला होता. त्याचंच इंग्रजी भाषांतर करून जर्नलला पाठवलं तर चालेल का? वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्य शून्य टक्के दाखवतं. – सहायक प्राध्यापक, नांदेड

चालेल, पण न सांगता नाही. भाषा बदलली म्हणून संशोधन नवं होत नाही. माहिती, मांडणी आणि निष्कर्ष तेच असतील, तर तो तोच लेख दुसऱ्यांदा छापला असं धरतात. यासाठी रीतसर वाट आहे. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, दोन्हीकडच्या संपादकांची संमती असेल तर दुय्यम प्रकाशनाला परवानगी देते. इतर विषयांतही हीच रीत धरून चालणं शहाणपणाचं.

आधी मराठी नियतकालिकाच्या संपादकांकडून लेखी परवानगी घ्या आणि कॉपीराइट तुमच्याकडे आहे की त्यांच्याकडे, ते विचारा. मग इंग्रजी जर्नलला निबंधासोबतच्या पत्रात हे भाषांतर असल्याचं पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि मूळ लेखाची छापील पानं जोडा. त्यांनी होकार दिला तर पहिल्या पानावर तळटीप हवी : मूळ लेख कोणत्या नियतकालिकात, कोणत्या अंकात, कोणत्या पानांवर आला. शीर्षकातही तसा उल्लेख असावा. आकडे आणि निष्कर्ष मुळाबरहुकूम ठेवा. पदोन्नतीच्या अर्जात हे दोन निबंध म्हणून दाखवू नका. नवी माहिती घालून लेख वाढवला असेल, तर तो नवा निबंध होऊ शकतो. पण जुन्याचा संदर्भ देऊन नवं नेमकं काय, हे सांगावं लागेल.

शून्य टक्क्यांवर मात्र विसंबू नका. सॉफ्टवेअर त्याच्या साठ्यातल्या मजकुराशी शब्दांच्या ओळी जुळवून पाहतं. मराठी नियतकालिकांचे बरेच जुने अंक त्या साठ्यात नसतातच. उलट दिशेची चोरीही याच फटीतून होते : इंग्रजी निबंध मराठीत आणायचा आणि वर आपलं नाव घालायचं. साम्य शून्य आलं तरी ते वाङ्मयचौर्यच. विषयातल्या जाणकाराला ते उदाहरणांच्या आणि संदर्भांच्या क्रमावरून कळतं, कधी कधी मूळ लेखातली चूक जशीच्या तशी उतरलेली असते त्यावरून. एकच पाहणी दोनदा छापली गेली की पुढे सगळ्या अभ्यासांची बेरीज करणारा ती दोन वेगळ्या पाहण्या म्हणून मोजतो आणि त्याचा निष्कर्ष चुकतो. खरं नुकसान तिथे होतं.

प्रश्न : पीएचडीच्या प्रबंधाचं साम्य २७ टक्के आलं. वाक्यं बदलून देणारं टूल वापरून ते १० च्या खाली आणावं का? – संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

टूल वापरू नका. आधी अहवाल नीट वाचा.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यायचा असतो. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. पण या मोजणीतून संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाणित समीकरणं वगळायची असतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाचं साम्यही धरायचं नसतं. ग्रंथालयात हे फिल्टर न लावताच अहवाल काढला असेल, तर २७ चा आकडा तिथेच बराच खाली येईल. स्वतःच्या छापलेल्या निबंधाशी साम्य दिसत असेल तर तो निबंध कुठे आला ते प्रबंधात नोंदवा आणि मार्गदर्शकांच्या पत्रासह तो स्रोत वगळून अहवाल मागा.

त्यानंतर जे उरेल ते स्रोतानुसार पाहा. शंभर ठिकाणचं पाव-पाव टक्का साम्य फारसं काळजीचं नाही. एकाच स्रोतातून आलेले आठ टक्के, तेही विश्लेषणाच्या प्रकरणात, हे मात्र गंभीर आहे, मग एकूण आकडा नऊ का असेना. ते परिच्छेद मूळ पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहा आणि तरीही संदर्भ द्या, कारण कल्पना दुसऱ्याची आहे.

शब्द फिरवणाऱ्या टूलचा माग लागतो. २०२१ मध्ये फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि सहकाऱ्यांनी असे निबंध शोधायची युक्ती मांडली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ झालेले निबंध प्रतिष्ठित जर्नलांतही सापडले. कोणताही अभ्यासक असं लिहीत नाही, म्हणूनच ते पकडता आले.

प्रश्न : निबंधात विभागप्रमुखांचं नाव घालायला सांगितलं जातंय. त्यांनी काही केलेलं नाही. नाही कसं म्हणू? – संशोधक विद्यार्थी, नागपूर

आयसीएमजेईच्या चार अटी आहेत, आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात : संशोधनाच्या आखणीत किंवा माहितीच्या संकलनात, विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या अंगाने सुधारणा करणं, अंतिम प्रतीला संमती, आणि निबंधातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घेणं. निधी मिळवून देणं, प्रयोगशाळा वापरू देणं, विभागाचं प्रमुखपद यांची जागा ऋणनिर्देशात.

बोलताना तत्त्वाच्या गोष्टी नकोत. ‘सर, जर्नलचा फॉर्म आहे, प्रत्येकाचा वाटा लिहून मागतात, आपला कोणता लिहू?’ असं विचारा. बरीच जर्नलं आता क्रेडिट नावाच्या १४ भूमिकांच्या यादीतून प्रत्येकाचं काम मागतात, त्यामुळे ही सबब नाही. शेवटची अटही नम्रपणे कानावर घाला : उद्या आकड्यांवर आक्षेप आला तर उत्तर नाव असलेल्या सर्वांना द्यावं लागतं. आणि ज्या मैत्रिणीने सगळं संख्याशास्त्रीय विश्लेषण करून दिलं, तिचं नाव गाळू नका. न केलेल्याचं नाव घालणं जितकं चूक, तितकंच केलेल्याचं वगळणंही. नावं आणि त्यांचा क्रम काम सुरू होतानाच ई-मेलवर ठरवावा. निबंध पाठवल्यावर नाव घालायचं वा काढायचं तर संपादक सर्व लेखकांची लेखी संमती मागतात.

प्रश्न : ‘पाच दिवसांत प्रकाशन’ अशी जाहिरात पाहून निबंध पाठवला. दुसऱ्या दिवशी स्वीकृतीपत्र आणि बिल आलं. मागे घेतो म्हटलं तर त्याचेही पैसे मागतात. – प्राध्यापिका, पणजी

पैसे भरू नका आणि कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका. भारतीय कायद्यात कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच होतं. सही दिली नसेल तर हक्क तुमचाच. निबंधाचं शीर्षक, क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि ‘हा निबंध मी मागे घेत आहे, प्रकाशनास माझी संमती नाही’ एवढाच ई-मेल संपादक आणि प्रकाशक दोघांना करा, सहलेखकांना प्रत पाठवा. वाद घालू नका, पण प्रत्येक उत्तर जपून ठेवा. तरीही त्यांनी तो संकेतस्थळावर टाकला तर स्क्रीनशॉट घेऊन काढून टाकण्याची लेखी मागणी करा. पुढच्या जर्नलला निबंध पाठवताना हा सगळा प्रकार सोबतच्या पत्रात सांगा आणि ई-मेल जोडा. नंतर त्या जर्नललाच तो संकेतस्थळावर सापडला तर तुम्ही एकच निबंध दोनदा छापल्याचा ठपका येईल.

मान्य जर्नलांची यूजीसी-केअर ही यादी २०१९ पासून होती, तिचा कक्ष पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नल पारखण्याचं काम संस्थेचं आणि तुमचं. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. त्याच्या पोर्टलवर क्रमांक टाकून नाव आणि प्रकाशक जुळतात का ते पाहा; पण आयएसएसएन ही फक्त ओळख आहे, दर्जाचा दाखला नाही. गूगल स्कॉलरमध्ये दिसणं हाही दाखला नाही, तिथे संकलन यंत्र करतं. ‘स्कोपसमध्ये’, म्हणजे निवडक जर्नलांच्या माहितीसूचीत, ‘आहोत’ असा दावा असेल तर त्यांच्या लिंकवर न जाता स्कोपसच्या स्वतःच्या यादीत शोधा आणि समावेश अजून चालू आहे का तेही बघा. इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्याचा, दावा क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये तपासा. खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून उभारलेली बनावट संकेतस्थळंही आहेत. मागे घेतलेल्या निबंधांवर नजर ठेवणारं रिट्रॅक्शन वॉच हे संकेतस्थळ अशांची यादी ठेवतं.

मग ताज्या अंकातले तीन निबंध उघडा. ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ या तारखांत दोन-तीन दिवसांचंच अंतर असेल तर समीक्षकाने वाचलेलं नाही, हे स्पष्ट आहे. संस्कृत काव्यशास्त्र आणि मृदारसायन एकाच अंकात असेल तर पुढे पाहायची गरज नाही. शेवटी संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून विचारा की तुम्ही खरंच मंडळावर आहात का. शुल्क घेणं हा काही गुन्हा नाही; ते आधी जाहीर असावं आणि स्वीकृतीचा निर्णय त्यावर अवलंबून नसावा. २०१३ मध्ये विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट निबंध ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकांना मोफत खुल्या असणाऱ्या, जर्नलांना पाठवला होता. ३०४ पैकी १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या षण्मासिकाची मी संपादक आहे. प्राचार्यांचा निबंध आला आहे. काय करावं? – अहिल्यानगर

तो स्वतः हाताळू नका. संपादक मंडळातल्या, शक्यतो दुसऱ्या संस्थेतल्या सदस्याकडे सोपवा. समीक्षक दोन, दोघेही बाहेरचे आणि गेल्या काही वर्षांत प्राचार्यांसोबत न लिहिलेले. समीक्षकांना पाठवताना नाव, संस्था, ऋणनिर्देश आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधलंही लेखकाचं नाव काढा; हे शेवटचं हमखास राहून जातं. निबंध गोपनीय असतो, म्हणून तो विद्यार्थ्याकडे द्यायचा नाही की एआयच्या चॅटमध्ये टाकायचा नाही, हे समीक्षकांना पत्रातच लिहा. निबंध छापला गेला तर शेवटी एक ओळ द्या : लेखक या महाविद्यालयाचे प्राचार्य आहेत आणि निबंधाचा निर्णय अमुक सदस्याने घेतला. नाकारला गेला तर समीक्षकांचे अभिप्राय नावं काढून त्या सदस्याच्या सहीने पाठवा, तुमच्या नाही.